अंगठ्याचा ठणका

मंडळी, पायाचा अंगठा दुखला तर आपण काय करतो? काहीच करीत नाही. ठेच लागली असेल, काटा मोडला असेल, नवी चप्पल चावली असेल, असे म्हणतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा ते खरेही असते.

पण एक ठणका निराळा आहे. तो रात्री येतो. ठेच लागलेली नसते, काटा मोडलेला नसतो, तरी येतो. आठ-दहा दिवस माणसाला खाटेवर पाडतो आणि मग आपणहून निघून जातो. तो गेला की माणूस म्हणतो, "सुटलो!" आणि इथेच फसतो.

या ठणक्याच्या मागे जे असते त्याचे नाव आजकाल सगळ्यांच्या तोंडी आहे. युरिक ॲसिड. नाव सगळ्यांना ठाऊक, पण ते काय आहे आणि आले हे कसे ओळखावे, ते थोड्यांना ठाऊक. म्हणून हा धडा जरा सावकाश वाचा.

युरिक ॲसिड म्हणजे काय?

चूल पेटली की राख होणारच. शरीराचेही तसेच आहे. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. रोज जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. मेलेल्या पेशींतून आणि खाल्लेल्या अन्नातून प्युरीन नावाचे द्रव्य निघते. त्याची शेवटी जी राख होते, ती म्हणजे युरिक ॲसिड. ते प्रत्येकाच्या रक्तात असते. तुमच्याही आहे, माझ्याही आहे.

या राखेचे तीन वाटे केले, तर सुमारे दोन वाटे शरीर स्वतःच तयार करते. खाण्यापासून येतो तो एकच वाटा. हा हिशेब ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. ही राख बाहेर टाकण्याचे मुख्य काम मूत्रपिंडे, म्हणजे आपण किडनी म्हणतो ती, करतात. बाकीचे काम आतडी करतात. आत येणारे जास्त झाले, किंवा बाहेर जाणारे कमी झाले, की रक्तात साठा वाढतो. बहुतेक रोग्यांत दोष असतो तो बाहेर जाण्यात. मूत्रपिंडे पुरेसे टाकीत नाहीत.

आता साठा वाढला तर काय बिघडते? काकवीची बरणी आठवा. काकवी दाट झाली, त्यातून थंडी पडली, की बरणीच्या तळाशी साखरेचे खडे बसतात. रक्तातही असेच घडते. १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ६.८ मिलिग्रॅम युरिक ॲसिड विरघळून राहू शकते. त्याहून जास्त झाले की सांध्यांत त्याचे बारीक खडे बसू लागतात. पायाची बोटे बाकीच्या अंगापेक्षा थंड असतात, म्हणून तिथे ते लवकर बसतात. हे खडे साखरेसारखे चौकोनी नसतात. सुईसारखे टोकदार असतात. हॉलंड देशात लेवेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याने स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवले. १६७९ साली त्याने अशा रोग्याच्या गाठीतली पांढरी भुकटी भिंगाखाली धरली, तेव्हा त्याला त्या सुया दिसल्या. म्हणजे ही गोष्ट माणसाला माहीत होऊन साडेतीनशे वर्षे होत आली.

या सुया सांध्यात वर्षानुवर्षे गुपचूप पडून राहतात. मग एके दिवशी शरीर त्यांच्यावर चवताळून उठते. त्या दिवशी ठणका लागतो.

पहिली खूण

आधी एक स्पष्ट सांगतो. रक्तात युरिक ॲसिड वाढले तरी बहुतेक माणसांना काहीही होत नाही. ना दुखणे, ना सूज. थकवा आला, अंग जड झाले, टाच दुखली, की लगेच "युरिक ॲसिड वाढलंय तुमचं" असे हल्ली कोणीही सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नये. पुणे जिल्ह्यात भिगवण येथे १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती. तेव्हा कंबर, गुडघे आणि स्नायू दुखणारी माणसे भरपूर निघाली. युरिक ॲसिडच्या संधिवाताचे रोगी त्या मानाने फारच थोडे निघाले. तेव्हा प्रत्येक दुखण्याला हे नाव लावू नका.

मग खरी खूण कोणती? बहुधा ती पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यात दिसते. अंगठा तळपायाला जिथे मिळतो, तिथे जो उंचवटा असतो, तोच तो सांधा. निम्म्याहून अधिक रोग्यांचा पहिला ठणका तिथे येतो. बाकीच्यांचा घोट्यात, पावलाच्या पाठीवर किंवा गुडघ्यात येतो.

माणूस रात्री चांगला झोपतो. मध्यरात्री किंवा पहाटे कळ येऊन जागा होतो. पाहता पाहता कळ वाढते. बारा ते चोवीस तासांत ती शिगेला पोचते. सांधा सुजतो. गरम लागतो. पांघरुणाचा नुसता स्पर्श सोसत नाही. कोणी खाटेजवळून जोरात चालत गेले, तरी माणूस ओरडतो, "अरे, हळू!" कातडी ताणून चकचकीत होते. पुस्तकात लिहितात की ती लालबुंद होते. पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, काळपट-तांबूस झाक दिसते. म्हणून हाताची पाठ दोन्ही पायांना लावून पाहावी. दुखरा सांधा दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर शंका घ्यावी.

गुडघ्याची झीज अशी नसते. ती जिना चढताना दुखते आणि बसल्यावर उतरते. आमवात असेल तर दोन्ही हातांची बोटे सकाळी तासभर आखडलेली राहतात. युरिक ॲसिडचा ठणका सुरुवातीला एकाच सांध्यात येतो आणि अचानक येतो. ही त्याची ओळख आहे.

एक धोका इथेच सांगून ठेवतो. सांधा गरम आहे आणि त्याबरोबर थंडी वाजून ताप भरला आहे, किंवा जवळ जखम आहे, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्यात दिवस घालवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरी खूण लघवीची. युरिक ॲसिडचा मुतखडाही होतो. कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ, उलटी, लघवी तांबडी होणे, ही त्याची लक्षणे आहेत. हे खडे साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. ज्याला मुतखडा होऊन गेला आहे आणि पुढे अंगठाही ठणकला आहे, त्याने दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकदमच सांगाव्यात.

हा रोग पुरुषांना जास्त होतो, तोही तिशी-चाळिशीनंतर. बायांना पाळी चालू असेतो तो क्वचितच होतो. पाळी गेल्यावर मात्र त्यांनाही होतो. म्हणून म्हाताऱ्या आईचा अंगठा ठणकला तर "बायकांना हे होत नाही" असे म्हणून बसू नये.

एका माळकऱ्याची गोष्ट

आमच्या भागात एक माळकरी गृहस्थ आहेत. त्यांची गोष्ट सांगतो, कारण ती पुष्कळांना उपयोगी पडेल. नाव सांगत नाही.

गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी नाही, दारू नाही, तंबाखूसुद्धा नाही. वय तेव्हा बावन्न. रक्तदाबाची गोळी चालू होती. ज्येष्ठातल्या निर्जळी एकादशीला त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही आणि दिवसभर उन्हात शेतात खपले. द्वादशीच्या पहाटे अंगठ्यात कळ उठली. घरच्यांनी बिब्बा घातला. कातडी भाजून फोड आले. नवव्या दिवशी ठणका थांबला. श्रेय बिब्ब्याला मिळाले! बिब्बा नसता घातला तरी तो थांबणारच होता. हा ठणका एक-दोन आठवड्यांत आपणहून उतरतो, हे तेव्हा घरात कोणाला ठाऊक नव्हते.

वर्षभर काही नाही. मग पुन्हा ठणका. पुढच्या वर्षी तीनदा. आता ते दुकानातून दुखण्याची गोळी आणू लागले. फटफटीवरून येणारा एक जण सुई टोचून जाई. सुई टोचली की दोन दिवसांत बरे वाटे. सुईत काय होते ते त्याने सांगितले नाही आणि यांनी विचारले नाही. अशी तीन वर्षे गेली.

तेवढ्यात गावात कोणाच्या तरी मोबाइलवर आले, की हा रोग मटण खाणाऱ्याला आणि दारू पिणाऱ्याला होतो. मग काय विचारता! पारावर कुजबुज सुरू झाली. "माळ घालतो आणि चोरून खातो वाटतं." ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली. त्यांनी भजनाला जाणे सोडले. पायाच्या दुखण्यापेक्षा हे दुखणे मोठे होते.

शेवटी कोपरावर सुपारीएवढी गाठ आली. तिच्या टोकाला खडूसारखे पांढरे दिसे. तेव्हा मुलाने त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी गाठ पाहिली, रक्त तपासले आणि म्हणाल्या, "काका, हे युरिक ॲसिड आहे. आणि मूत्रपिंडंही थोडी अशक्त झाली आहेत. या दुखण्याच्या गोळ्या किती दिवस घेताय?"

काका गोळ्यांविषयी बोललेच नाहीत. म्हणाले, "बाई, मी माळकरी आहे हो. कधी शिवलो नाही."

"मला माहीत आहे. तुमच्या वडिलांचा पाय दुखायचा का?"

"त्यांना वात होता. वर्षातून दोनदा अंगठा धरून बसायचे."

"मग ते घराण्यातून आलं. तुमची रक्तदाबाची गोळी पाणी उतरवणारी आहे, तिच्यानं युरिक ॲसिड वाढतं. त्यात उपास आणि ऊन. यात तुमच्या खाण्याचा काही दोष नाही."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे एवढं कागदावर लिहून द्याल का, बाई?"

बाईंनी लिहून दिले. तो कागद त्यांनी देवळात भजनाच्या आधी स्वतः वाचून दाखवला. दिव्याच्या उजेडात, अक्षर अक्षर लावून.

बाईंनी रक्तदाबाची गोळी बदलली, दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या आणि युरिक ॲसिड उतरवणारी गोळी सुरू केली. दोन वर्षांत गाठ बरीच विरघळली, ठणका थांबला. मूत्रपिंडांचे जे नुकसान झाले होते, ते मात्र भरून आले नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या ठणक्याला ते गेले असते, तर एवढे झाले नसते. गाठ ही पहिली खूण नव्हे, ती उशिराची खूण आहे. कोपरावर, बोटांवर, कानाच्या पाळीच्या काठावर अशा गाठी येतात, पण बहुधा बऱ्याच वर्षांनी.

लोकांची समजूत कुठून आली, तेही सांगतो. आपल्या जुन्या वैद्यकात वातरक्त नावाचा रोग सांगितला आहे. पायांपासून सुरू होणारा. त्याचेच एक नाव आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. युरोपातही याला राजांचा रोग म्हणत. श्रीमंत लोक मांस आणि मद्य भरपूर घेत, म्हणून त्यांना जास्त होई, हे खरे. पण तीन वाट्यांचा हिशेब आठवा. खाण्याचा वाटा एकच.

तपासणी

युरिक ॲसिडची तपासणी साध्या रक्ताची असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. तिथे होत नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होते. आशाताईंना विचारले तरी त्या वाट दाखवतील.

या तपासणीत एक चकवा आहे. ऐन ठणक्याच्या दिवसांत रक्त तपासले, तर आकडा कधी कधी बरोबर येतो, कारण त्या दिवसांत तो उतरू शकतो. मग माणूस म्हणतो, "बघा, काही नाही." असे झाले तर ठणका उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे. शंका राहिली तर डॉक्टर सांध्यातले पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिथे त्या सुया दिसल्या की वाद संपला. त्याबरोबर मूत्रपिंडे, साखर आणि रक्तदाब हेही तपासून घ्यावे. हे रोग पुष्कळदा एकमेकांचा हात धरून येतात.

उलट, कधी ठणका नाही, खडा नाही, आणि कोठल्या शिबिरात आकडा साडेसात निघाला, तर घाबरून गोळ्या सुरू करू नयेत. अशा माणसाला बहुधा औषध लागत नाही. पाणी, वजन, दारू यांकडे पाहावे आणि डॉक्टरांना कागद दाखवावा, एवढे पुरे.

ठणका लागला तर

पाय उशीवर उंच ठेवावा. बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावावा. पाणी भरपूर प्यावे. मात्र डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल, तर तेवढेच. सांधा चोळू नये, गरम शेक देऊ नये, बिब्बा घालू नये, डागू तर मुळीच नये. दवाखान्यात लवकर गेले, तर औषध लवकर लागू पडते. मूत्रपिंड, पोटातला अल्सर किंवा हृदयाचा रोग असेल, तर दुखण्याची गोळी मनाने घेऊ नये.

एक विषारी गोष्ट सांगितलीच पाहिजे. पावसाळ्यात कुंपणावर कळलावीचा वेल चढतो. लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले. या वेलात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते आणि तेच या ठणक्यावरचे औषधही आहे. पण औषधाच्या गोळीत ते मिलिग्रॅमच्या अंशाने मोजलेले असते. कंदात किती आहे ते कोण मोजणार? तो कंद खाऊन माणसे मेली आहेत. कोणी उगाळून दिला तरी घेऊ नका.

खाणे-पिणे

दारू, त्यातही बीअर, सोडावी. काळीज, गुर्दे, वजडी टाळावी. मटण कमी करावे. तारली, बांगडा, सुकट हेही बेताने. बाटलीतली गोड पेये युरिक ॲसिड वाढवतात, हे पुष्कळांना माहीत नसते. लग्नात मुले आणि मोठे दोघेही ती पाण्यासारखी पितात.

डाळ मात्र बंद करू नका. "डाळ सोडा, मटकी सोडा, पालक सोडा" असा सल्ला गावोगाव देतात. डाळी आणि भाज्यांनी हा रोग वाढत नाही, असे अभ्यासात दिसले आहे. गरिबाच्या ताटातली डाळ काढली तर उरले काय? ताक चांगले. कडक उपास, तोही पाण्याशिवाय, अशा माणसाने करू नये. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवावे, एकदम नाही. एवढे सगळे पथ्य पाळूनही आकडा साधारण एकानेच उतरतो. म्हणून ज्याला गोळी लागते, त्याला ती लागतेच.

गोळीविषयी

पहिल्याच ठणक्यानंतर सगळ्यांना कायमची गोळी देत नाहीत. वर्षात दोन किंवा जास्त ठणके, गाठ, मुतखडा किंवा मूत्रपिंडांचा रोग असेल, तर डॉक्टर ती देतात. सर्वांत जुनी आणि स्वस्त गोळी ॲलोप्युरिनॉल. ती ज्यांनी शोधली त्यांत गर्ट्रूड एलियन या बाई होत्या. त्या काही काळ शाळेत शिकवीत असत, हे मला मास्तर म्हणून सांगावेसे वाटते. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही गोळी थोड्या मात्रेने सुरू करतात आणि रक्त पाहून वाढवतात. आकडा ६ च्या खाली आणून तिथेच ठेवायचा असतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत जुने खडे विरघळताना मधूनच ठणका येतो. त्यामुळे "गोळीनेच वाढले" असे वाटून पुष्कळ लोक ती सोडतात. ठणक्यातही गोळी चालूच ठेवायची असते. बरे वाटले म्हणूनही सोडायची नसते. सोडली की आकडा पुन्हा चढतो, आणि आतल्या आत सुया पुन्हा बसू लागतात.

फक्त एका कारणाने ती स्वतः थांबवावी. गोळी सुरू केल्यावर, विशेषतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत, अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा ताप आला, तर पुढची गोळी घेऊ नये. गोळीची पट्टी बरोबर घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.